कचरा टनावर, दोष नागरिकांवर

खानदेशातील नागरी स्वच्छतेची चर्चा निघाली की एक युक्तिवाद इतक्या सहजपणे पुढे केला जातो की, त्याचा पुरावा मागावा असेही कोणाला वाटेनासे झाले आहे. जळगाव आणि धुळे या शहरांतील कचऱ्याचा प्रश्न हा मुळात नागरिकांच्या बेशिस्तीचा प्रश्न आहे, ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय इथल्या माणसाला लागणार नाही, म्हणून सरमिसळ कचरा जसाच्या तसा स्वीकारून त्यातून वीज, खत किंवा इंधन काढणारा मोठा यांत्रिक प्रकल्प हाच व्यवहार्य मार्ग आहे आणि शासनाने त्यासाठी पुरेसा निधी दिला की उरलेले आपोआप मार्गी लागेल, असा तो युक्तिवाद आहे. अधिकारी, नगरसेवक, प्रकल्प विकणारे सल्लागार आणि खुद्द मध्यमवर्गीय नागरिकही तो आळीपाळीने मांडतात. त्यात माणसांविषयी, यंत्राविषयी आणि पैशाविषयी अशी तीन विधाने एकमेकांना टेकून उभी आहेत. ती तिन्ही सदोष आहेत आणि तिन्ही मिळून ज्या एका गोष्टीवर पडदा टाकतात ती गोष्ट म्हणजे कचरा उचलण्याचा करार.

प्रश्नाचा आकार आधी नीट पाहिला पाहिजे. २०११च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार आणि धुळ्याची सुमारे ३ लाख ७५ हजार होती. दोन्ही नगरपालिकांचे महानगरपालिकांत रूपांतर २००३ या एकाच वर्षी झाले. या आकाराच्या भारतीय शहरात माणशी दिवसाला ३०० ते ४०० ग्रॅम कचरा निघतो असे धरले, तर २०११च्याच लोकसंख्येवर जळगावचा रोजचा कचरा दीडशे टनांच्या आगेमागे आणि धुळ्याचा सव्वाशे टनांच्या आगेमागे येतो, आणि त्यानंतरची वाढ त्यात मिळवावी लागते. जळगावचा कचरा आव्हाणे शिवारात जातो, धुळ्याचा वरखेडीच्या डेपोवर. २०१८ मध्ये धुळे महापालिकेच्या हद्दीत अकरा गावे आली आणि त्यांत वरखेडीही होते. म्हणजे एके काळी शहराने गावाच्या उशाशी नेऊन टाकलेला कचरा हद्दवाढीने पुन्हा शहराच्या आत आला. मुंबईच्या देवनार किंवा पुण्याच्या फुरसुंगी येथील कचरा डेपोंशी तुलना केली तर हे आकडे लहान आहेत. तो लहानपणा हीच या दोन शहरांची खरी अनुकूलता आहे, आणि मोठ्या प्रकल्पाचा आग्रह धरणारे नेमकी तीच नजरेआड करतात.

प्रथम यंत्राचे विधान. कचरा जाळून वीज करायची तर त्याचा उष्मांक, म्हणजे एक किलो पदार्थ जळताना मिळणारी उष्णता, पुरेसा असावा लागतो. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी पुनर्वापर न होणाऱ्या ज्या कचऱ्याचा उष्मांक किलोला १,५०० किलोकॅलरी किंवा अधिक आहे तो भराव क्षेत्रात, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेत, टाकू नये आणि ऊर्जेसाठी वापरावा असे सांगितले. त्यातून जाळण्याजोगा कचरा कोणता याची साधारण पातळीही कळते. भारतीय शहरांच्या सरमिसळ कचऱ्यात निम्म्याच्या आसपास वाटा भाजीपाला, शिळे अन्न, फळांच्या साली यांचा असतो, त्यात रस्ता झाडलेली धूळ आणि माती मिसळलेली असते, आणि एक किलो पाण्याची वाफ करण्यातच सुमारे ६०० किलोकॅलरी खर्ची पडतात. ओल्या सरपणावर चूल पेटत नाही हे ज्या घरांना सांगावे लागत नाही, त्याच घरांच्या महापालिकेला मात्र भट्टी विकता येते. हा धडा देशाने फार पूर्वी पैसे मोजून घेतला आहे. दिल्लीतील तिमारपूर येथे १९८७ मध्ये डॅनिश तंत्रज्ञानाने रोज ३०० टन कचरा जाळण्याचा प्रकल्प उभा राहिला. प्रत्यक्ष कचऱ्याचा उष्मांक गृहीत धरलेल्या आकड्याच्या जेमतेम निम्म्यावर आला आणि चाचणीच्या काळातच तो बंद पडला. त्यानंतर दिल्लीतीलच ओखला किंवा मध्य प्रदेशातील जबलपूर येथील प्रकल्प चालले हे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. पण जबलपूरचा प्रकल्प रोज ६०० टन कचऱ्यासाठी आखलेला आहे, आणि जळगाव-धुळे ही शहरे एकमेकांपासून सुमारे ९५ किलोमीटरवर असून दोघांचा कचरा एकत्र केला तरी त्या क्षमतेच्या निम्म्यावर कसाबसा पोहोचेल. त्याशिवाय जाळल्यावर उरणारी राख कुठे टाकायची हा प्रश्न पुन्हा आव्हाणे आणि वरखेडीच्याच दारात येतो.

खताच्या प्रकल्पाचे समर्थन अधिक प्रतिष्ठित आहे, कारण कल्पना चांगली आहे. दोष तिच्या अंमलात आहे. सरमिसळ कचऱ्याचे ढीग कुजवून ते फिरत्या चाळणीतून, म्हणजे ट्रॉमेलमधून, गाळले की खाली पडणाऱ्या पदार्थात काचेचे कण, प्लास्टिकचे तुकडे आणि फुटलेल्या बॅटऱ्यांतून आलेले शिसे व कॅडमियम यांचा अंश राहतो. खत नियंत्रण आदेशाने शहरी कंपोस्टसाठी जड धातूंच्या मर्यादा घालून दिलेल्या आहेत, आणि वेगळा न केलेला कचरा कितीही काळजीने कुजवला तरी त्या मर्यादा सातत्याने पाळणे कठीण असते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये शहरी कंपोस्टच्या विक्रीसाठी टनामागे १,५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले, महाराष्ट्र शासनाने ‘हरित महा सिटी कंपोस्ट’ हा ब्रँड काढला. तरी शेतकऱ्याने ते खत आवडीने घेतले नाही, आणि त्यावर पुन्हा शेतकऱ्यालाच जागृतीची गरज असल्याचे निदान झाले. वास्तविक पायात काच घुसेल असे खत शेतात न टाकणे ही जागृतीच आहे. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातील केळीचे पीक खताचे भुकेले आहे, जळगावच्या केळीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, जिल्ह्यात शेणखताला किंमत आहे. गिऱ्हाईक पंचवीस-पन्नास किलोमीटरवर उभे असताना माल खपत नसेल तर दोष मालात शोधावा लागतो.

येथे कृषिइतिहासातील एक संदर्भ उपयोगी पडेल. कचऱ्यापासून शास्त्रीय पद्धतीने खत करण्याची जगभर ओळखली जाणारी ‘इंदूर पद्धत’ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत विकसित केली, आणि तिची मांडणी करणारा १९३१ चा ग्रंथ हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड या दोघांच्या नावावर आहे. ती संस्था कापूस संशोधनासाठी होती, आणि हॉवर्ड यांच्या ढिगांत कापसाच्या काड्यांना म्हणजे पऱ्हाटीला महत्त्वाचे स्थान होते. त्यामागचे तत्त्व साधे आहे : कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना साधारण तीस भाग कार्बनमागे एक भाग नत्र लागते, भाजीपाल्याच्या ओल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी जास्त असते, पऱ्हाटीत कार्बन जास्त असतो, दोन्ही थरांनी घातले तर ढीग ना सडतो ना वाळतो. खानदेशासारख्या कापूसपट्ट्यात, जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि नुसत्या ओल्या कचऱ्याचा ढीग एकतर वरून कोरडा पडतो किंवा आतून पेट घेतो, तिथे वेचणीनंतर शेतात उभी राहणारी पऱ्हाटी ही आयती सामग्री आहे. पण या पद्धतीची पहिली अट ओला कचरा वेगळा मिळणे ही आहे. जे यंत्र ही अट टाळून देण्याचे आश्वासन देते ते वस्तुतः खताचे आश्वासन देत नसते.

दुसरे विधान माणसांविषयीचे. इथल्या लोकांना कचरा वेगळा करता येत नाही, या म्हणण्यास सर्वांत भक्कम उत्तर जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे. जळगावची प्लास्टिक चटई देशभर जाते, आणि हा चटई उद्योग मोठ्या प्रमाणात जुन्या प्लास्टिकपासून केलेल्या दाण्यावर चालतो. धुळ्यापासून पन्नासेक किलोमीटरवर मालेगावात जुन्या प्लास्टिकची गिट्टी, म्हणजे धुऊन बारीक केलेले तुकडे, करणारे कारखाने आहेत. हा कच्चा माल आकाशातून पडत नाही. घराघरातून रद्दी आणि भंगार विकत घेणारा फेरीवाला, रस्त्यावर आणि डेपोवर वेचणारी स्त्री, वस्तीतील भंगाराचे दुकान, त्याच्यावरचा घाऊक व्यापारी अशी एक साखळी दूधपिशवी, पाण्याची बाटली, बादली-मगाचे कडक प्लास्टिक, खताची गोणी, पुठ्ठा, पत्रा, काच यांचे निरनिराळे ढीग करते, प्रत्येकाला निराळा भाव देते आणि सरकारचा एक रुपया न घेता हे काम वर्षानुवर्षे करते. आणि ज्याला बेशिस्त म्हणून हिणवले जाते तो गृहस्थही वर्तमानपत्राची रद्दी भाजीच्या देठांत मिसळत नाही, कारण रद्दीला किलोवर पैसे मिळतात. वर्गीकरण खानदेशात रुजलेले आहे. महापालिकेची घंटागाडी जिथे सुरू होते तिथे ते संपते, एवढेच.

या ठिकाणी भुसावळचा दाखला हमखास दिला जातो. स्वच्छ सर्वेक्षण २०१७ मध्ये ४३४ शहरांच्या यादीत जळगाव जिल्ह्यातील भुसावळ ४३३ व्या क्रमांकावर, म्हणजे शेवटून दुसरे आले आणि इंदूर पहिले आले. त्या निकालानंतर ‘आपली माणसेच अशी’ हा सूर जिल्ह्यात मोठ्याने लागला. परंतु त्या सर्वेक्षणातील गुणांचा मोठा भाग नगरपालिकेने सादर केलेली कागदपत्रे, सेवांची व्यवस्था आणि प्रत्यक्ष पाहणी यांवर होता; तो शहराच्या यंत्रणेचा निकाल होता आणि तो रहिवाशांच्या संस्कारांचा निकाल म्हणून वाचला गेला. इंदूरची माणसे कोणत्या वेगळ्या मातीची आहेत? मुंबईपेक्षा इंदूर धुळ्याला जवळ आहे, आग्रा रोडवरून दोन्हीकडची माणसे रोज जातात-येतात, आणि इंदुरात मराठी घरे शेकड्यांनी आहेत. इंदुरात आधी दारावरच्या गाडीत वेगळे कप्पे आले, सरमिसळ कचरा नाकारण्याचा अधिकार गाडीवरच्या माणसाला मिळाला, गोळा झालेला कचरा शेवटपर्यंत वेगळाच राहील याची व्यवस्था झाली; सवय त्यानंतर आली. ज्या गृहिणीने दोन बादल्यांत वेगळा केलेला कचरा गाडीवाल्याने तिच्या डोळ्यांदेखत एकाच हौद्यात उलटला, तिने दुसऱ्या आठवड्यापासून एकच बादली ठेवली तर ती बेशिस्त नव्हे, शहाणी म्हटली पाहिजे.

गाडीवाला तसे का करतो, हा प्रश्न विचारला की चर्चा करारावर येते. महाराष्ट्रात घनकचरा संकलनाच्या निविदांमध्ये रूढ असलेली एक पद्धत म्हणजे टनावारी : ठेकेदाराची गाडी डेपोच्या भुईकाट्यावर चढते, वजन नोंदले जाते आणि जितके टन तितके देयक निघते. या पद्धतीत सुका कचरा वाटेत वेगळा काढणे म्हणजे स्वतःच्या देयकातून वजन काढणे होय. ओला कचरा प्रभागातच जिरवणारी सोसायटी ही ठेकेदाराच्या दृष्टीने उत्पन्नातील घट असते. आणि कचऱ्यात मिसळलेली माती, बांधकामाचा राडारोडा, गटारातून काढलेला गाळ हे सारे काट्यावर कचऱ्याइतकेच मोलाचे ठरते. वजन वाढवण्यासाठी गाडीत माती-दगड भरल्याचा आरोप महाराष्ट्रातील महापालिकांच्या सभागृहांना नवा नाही, आणि त्यावर चौकशी, दंड, काट्यावर कॅमेरे असे उपाय सुचवले जातात. परंतु हा आरोप खोटा असलेल्या ठिकाणीही, म्हणजे ठेकेदार पूर्ण सचोटीचा असला तरीही, टनावारीत कचरा कमी व्हावा असे वाटणारा एकही पक्ष उरत नाही. पावसाळ्यात तर महापालिका पावसाच्या पाण्याचेही वाहतूकभाडे देते. कायदा नागरिकाला कचरा वेगळा करायला सांगतो आणि करार ठेकेदाराला तो एकत्र आणल्याबद्दल पैसे देतो. अशा दोन आदेशांत पैशाचा आदेश पाळला गेला तर नवल नाही, आणि तरी दोषारोप मात्र पहिल्या आदेशाच्या भंगाबद्दलच होतो.

देयकाचे एकक बदलता येते याचे पुरावे दूर नाहीत. पुण्यात कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातून ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था २००८ मध्ये महापालिकेबरोबर काम करू लागली. तिचे सभासद घरटी ठरलेले मासिक शुल्क घेतात आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे पैसे त्यांचेच राहतात, म्हणून कचरा वेगळा ठेवण्यात त्यांचा रोजचा स्वार्थ असतो. छत्तीसगडमधील अंबिकापूर, जे धुळ्याहून कितीतरी लहान आणि उत्पन्नानेही सामान्य शहर आहे, तिथे २०१५ पासून बचत गटांच्या महिला घरोघरचा कचरा वेगळा घेतात आणि प्रभागवार केंद्रांवर तो आणखी अनेक प्रकारांत निवडून विकतात. तिथल्या जुन्या कचरा डेपोच्या जागी उद्यान झाले. कोकणात वेंगुर्ले नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात डेपोचेच रूपांतर पाहण्याजोग्या प्रकल्पात केले. पुणे पुणेच आहे आणि वेंगुर्ले फारच छोटे आहे, असा आक्षेप यावर घेतला जातो, आणि गंमत अशी की तो एकाच श्वासात घेतला जातो : मोठ्या शहराला पैसा असतो म्हणून जमते, लहान गावाला कचराच कमी असतो म्हणून जमते, मधल्या शहरालाच तेवढे जमत नाही. अंबिकापूरला या दोन्ही सबबी लागू होत नाहीत. एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही : वेचकांना व्यवस्थेत घ्यायचे तर त्यांची नोंद, ओळखपत्रे, हातमोजे-बूट, बसायला शेड आणि विक्रीतील हक्क हे सारे करारात लिहावे लागते, आणि नुसत्या सद्भावनेवर सोपवले तर स्वस्त मजुरीचा नवा मार्ग एवढेच त्याचे स्वरूप होते. २०१६च्या नियमांनी वेचकांना सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर स्पष्टपणे टाकली; तिची आठवण प्रकल्प अहवालाच्या प्रस्तावनेत होते, निविदेच्या अटींत होत नाही.

तिसरे विधान पैशाचे. जागतिक बँकेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कचराविषयक अहवालानुसार, अल्प उत्पन्नाच्या देशांत नगरपालिकांच्या अंदाजपत्रकाचा सरासरी पाचवा हिस्सा कचऱ्यावर खर्च होतो आणि तरी नव्वद टक्क्यांहून अधिक कचरा उघड्यावर टाकला किंवा जाळला जातो. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की निधीची कमतरता हे अर्धेच उत्तर असल्याचे दिसते, कारण विकसनशील देशांत या खर्चाचा मोठा भाग गाड्या, डिझेल आणि वाहतुकीत जातो व प्रक्रियेपर्यंत थोडाच पोहोचतो. जळगावकरांना तर भांडवली निधीचा अनुभव निराळ्याने सांगायला नको. हुडको या केंद्रीय गृहनिर्माण वित्तसंस्थेच्या कर्जाचे ओझे या शहराने वर्षानुवर्षे वाहिले आहे. निधी न वापरल्याची किंवा चुकीचा वापरल्याची किंमतही असते : राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांडपाणी आणि घनकचरा यांच्या व्यवस्थापनातील अपयशाबद्दल महाराष्ट्र राज्यावर सुमारे १२ हजार कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई बसवली, आणि तिचा बहुतांश भाग सांडपाण्यासाठी असला तरी साचलेल्या कचऱ्याचा हिस्साही हजार कोटींच्या वर होता.

साचलेल्या कचऱ्याचे जे चालले आहे त्यात टनावारीचा तर्क पुरता उघडा पडतो. बायोमायनिंग म्हणजे जुना ढीग थराथराने उकरून, त्यावर जिवाणूंचे द्रावण फवारून, कुजणे पूर्ण करून तो चाळणे आणि मातीसारखा भाग, जळाऊ भाग व दगड-विटा वेगळे करून जमीन मोकळी करणे. २०१६च्या नियमांनी जुन्या डेपोंसाठी पाच वर्षांची मुदत दिली होती, जी २०२१ मध्ये संपली, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्याने या कामासाठी निधी दिला. उपाय योग्य आहे. परंतु ज्या डेपोवर एका टोकाला जुना कचरा टनाच्या दराने चाळला जातो त्याच डेपोच्या दुसऱ्या टोकाला जर नवा सरमिसळ कचरा टनाच्याच दराने ओतला जात असेल, तर एकाच टनासाठी महापालिका एकदा आणण्याचे आणि काही वर्षांनी पुन्हा उकरण्याचे असे दोनदा पैसे देते, आणि मधल्या काळात त्याचा धूर, माश्या आणि झिरपणारे काळे पाणी आव्हाणे-वरखेडीच्या शिवारांनी फुकट सोसायचे असते. औरंगाबादेत फेब्रुवारी २०१८ मध्ये कचरा डेपो असलेल्या नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्यावर शहर काही महिने कचऱ्याखाली गेले, कचरा दुसरीकडे नेताना मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमार झाला, तेव्हा कोणीही ग्रामस्थांना कचरा वेगळा करण्याची सवय नाही असे म्हटले नाही. जळगाव आणि धुळ्याच्या पुढच्या निविदेत देयकाचे एकक घरटी वेगळा मिळालेला कचरा हे ठेवायचे, डेपोवर पोहोचलेल्या प्रत्येक सरमिसळ टनासाठी ठेकेदाराच्या देयकातून कपात करायची, आणि भुईकाट्याची रोजची नोंद प्रभागनिहाय सार्वजनिक करायची, यासाठी नव्या कायद्याची किंवा नव्या यंत्राची गरज नाही. स्थायी समितीचा एक ठराव आणि निविदेची तीन कलमे पुरतात.